पोलीस मालिकांमधल्या चुका लोक एवढ्या पटकन कशा पकडतात? मला त्या का दिसत नाहीत?

कारण तुमचं लक्ष बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असतं आणि तिथे चूक क्वचितच असते. बोलणाऱ्याचे हात, ऐकणाऱ्याचा खांदा आणि मागची भिंत बघायला लागा, आठवड्याभरात दिसायला लागतील. उत्तर इथेच संपलं असतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट जोडून लिहिलंय की चौकशीच्या सीनमध्ये साहेबांचा चहाचा ग्लास आधी अर्धा, मग भरलेला, मग परत अर्धा होता, आणि पुढे विचारलंय, ‘सेटवर सगळे झोपले होते का?’ मी कंटिन्युटी करते, म्हणजे एका शॉटमधली गोष्ट पुढच्या शॉटमध्ये तशीच राहतेय ना, ते सांभाळते. कुणी झोपलेलं नसतं. तेव्हा आता ग्लासाचं पूर्ण ऐका.

केबिनमधला चार पानांचा सीन धरा. आधी मास्टर लागतो, म्हणजे दोघंही फ्रेममध्ये आणि सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग साहेबांवर सजेशन, म्हणजे संशयिताच्या खांद्यावरून घेतलेला शॉट. मग साहेबांचा क्लोज. त्यानंतर सगळं लायटिंग उलटं फिरतं, दाराकडचा उजेड परतवायचा थर्मोकोल खिडकीकडे जातो आणि संशयिताची बाजू सुरू होते. या फिरवाफिरवीत अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात चहावर साय धरते, आणि स्पॉटदादा कुणाला न विचारता ग्लास उचलून वाफाळता नवा आणून ठेवतो. त्याच्या हिशोबाने कलाकारापुढे गार चहा ठेवणं हीच चूक. पहिली गडबड इथे होते.

कंटिन्युटीच्या कागदावर त्या ग्लासाचं असं लिहिलेलं असतं: संवादातल्या ‘तुझा भाऊ’ला उजव्या हाताने उचलला, ‘कुठे होता’नंतर एक घोट, ‘त्या रात्री’ला ठेवला, फाईलच्या डावीकडे, चहा काठापासून दोन बोटं खाली. कट म्हटल्या म्हटल्या फोटोही काढलेला असतो. पुढच्या शॉटआधी फोटो बघून ग्लास तिथेच आणि तेवढाच भरून ठेवायचा. कोरा चहा असेल तर साय धरत नाही, आणि ग्लासाच्या मागच्या अंगाला पेनाने बारीक रेघ मारली की पातळी पटकन जुळते. पण कॅमेऱ्यात दुधाचा चहा बरा दिसतो, म्हणून येतो दुधाचाच.

एवढं करूनही क्लोजमध्ये कलाकार ग्लास ‘भाऊ’वर न उचलता ‘रात्री’वर उचलतो. त्याला सांगितलं की पुढच्या टेकला बरोबर शब्दावर उचलतो, पण आता अर्धं लक्ष ग्लासात, डोळ्यांत काहीच नाही. शीटवर ‘ग्लास जंप’, म्हणजे आधीच्या शॉटशी ग्लास जुळत नाही, अशी नोंद जाते. एडिटर दोन्ही टेक लावून बघतो आणि डोळ्यांचा घेतो. मी त्याच्या खुर्चीत असते तर मीही तोच घेतला असता. म्हणजे तुम्ही लाल गोल काढून दाखवलेली चूक तुमच्याआधी दोन-तीन जणांना माहीत होती, आणि त्यांनी ती चालवून घेतली.

खरं तर हा ग्लास प्रॉप ठरवतानाच बाद व्हायला हवा. काचेच्या कटिंगच्या ग्लासात पातळी दिसते, स्टीलच्या पेल्यात किंवा जाड कपात दिसत नाही. पण आर्टवाल्यांचं पालुपद ठरलेलं: मुंबईचं पोलीस ठाणं वाटलं पाहिजे, काचेचाच ग्लास हवा. ठीक आहे, हवा. मग पातळी हलली की बोंब कंटिन्युटीच्या नावाने का?

भिंतीवरचं घड्याळ याच घरातलं. नीट काम असेल तर त्याचा सेल काढून काटे सीनच्या वेळेवर लावून ठेवतात. सेल राहून गेला की मास्टरमध्ये सव्वाचार आणि क्लोजमध्ये पावणेसहा. शेजारच्या कॅलेंडरचं पान कुठल्या महिन्याचं आहे तेही बघा, आर्टवाले ते हमखास विसरतात. (‘सीआयडी’ने २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग सलग एका शॉटमध्ये केला होता. तिथे ग्लास जंप होणं शक्यच नाही, कारण जंप दिसायला मध्ये कट लागतो. ज्याला ग्लासाचा एवढा राग आहे त्याने तो भाग बघावा.)

तुम्हाला खरंच पटकन हाताला लागतील अशा दोन जागा सांगते. पहिली, उलटवलेला शॉट. नजरेची दिशा चुकली असेल, म्हणजे समोरासमोर बसलेले दोघंही डावीकडेच बघताना दिसत असतील, तर एडिटर कधीकधी शॉट आरशासारखा उलटवून वेळ निभावतो. साध्या कपड्यांतल्या माणसावर हे खपून जातं, फक्त भांग आणि घड्याळाचा हात बदलतो. वर्दीवर खपत नाही. नावाची पट्टी उजव्या खिशावर असते आणि पदकांच्या फिती डाव्या. उलटवल्यावर जागांची अदलाबदल होते आणि नावाची अक्षरंही उलटी. म्हणून एडिटर अशा वेळी शॉट छातीच्या वर झूम करून घेतो. अचानक एखादा क्लोज जरा जास्तच जवळ आणि किंचित मऊ वाटला तर भांग बघा.

दुसरी जागा, जखम. मालिकेत पोलीस ठाण्याचे चार-पाच भागांचे सीन एकाच दिवशी उरकतात, कारण सेट आज लागलाय. कथेतला पहिला, दुसरा आणि पाचवा दिवस एका दुपारीत. कपाळावरची पट्टी सकाळी जाड, जेवणानंतर छोटी, पाच वाजता नुसती खपली, मग परत जाड, कारण राहिलेला एक सीन आठवला. पट्टीची बाजू बदलते तेव्हा कारण बहुधा भलतंच असतं: कलाकाराने फोटो सेल्फी कॅमेऱ्यावर काढून पाठवलेला असतो आणि काही फोनमध्ये तो उलटाच सेव्ह होतो. मेकअपदादा फोटोबरहुकूम पट्टी लावतात, चुकीच्या भुवईवर.

आता माझा मुद्दा. हे सगळं पकडणं म्हणजे कथेतलं भोक पकडणं नव्हे. ग्लास जंप झाला म्हणून गुन्हेगार बदलत नाही. कथा फाटते ती तासांच्या हिशोबात आणि कुणाला काय माहीत आहे या हिशोबात, आणि तिथे स्क्रीनशॉट काढता येत नाही म्हणून कुणी फिरकत नाही. वही घ्या आणि प्रत्येक सीनला तीनच गोष्टी लिहा: कथेतला वार-वेळ, ठिकाण आणि त्या सीनमध्ये कुणाला नवीन काय कळलं. भाग संपल्यावर ही पानं खालून वर वाचा. खालून वाचलं की ‘हा पुरावा साहेबांना कुणी सांगितला?’ हा प्रश्न आपोआप पडतो, आणि पुष्कळदा उत्तर असतं: कुणीच नाही, प्रेक्षकाला माहीत होता म्हणून साहेबांनाही माहीत झाला.

वार-वेळेचं बघा. शुक्रवारी रात्री ९ ला अटक दाखवली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत, आरोपी दंडाधिकाऱ्यांपुढे जायला हवा. रविवार आला तरी सुट्टीचं कोर्ट असतं. मालिकेत तो मंगळवारपर्यंत कोठडीत मार खात असतो आणि रिमांडचा उल्लेखही नसतो. संवादात एक ओळ टाकली असती, ‘कोर्टाने सात दिवसांची कोठडी दिलीय’, की भोक बुजलं. बाईला सूर्यास्तानंतर घरातून उचलताना दाखवलं तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. नुसती महिला शिपाई फ्रेममध्ये उभी करून भागत नाही.

कलमांची तारीख तर हल्लीची हक्काची जागा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. खून त्याआधी झालेला असेल तर जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधान) कलम ३०२, त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. खून मे महिन्यातला पण प्रेत सापडून एफआयआर ऑगस्टमध्ये झाला, तर कलम ३०२ च राहतं, एफआयआर मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली. जुनं नवं एकत्र ऐकून चाहते ‘चूक, चूक’ करतात, ती चूक नसते. उलट २०२५ च्या कथेत झडती चालू आहे आणि एकाच्याही हातात रेकॉर्डिंग करणारा मोबाईल नाही, ही चूक. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण लागतं. ते कुणी पकडत नाही.

आणि ती थप्पड. थप्पड बसली, ‘हो, मीच मारलं’, केस खतम. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्याच्या सांगण्यावरून पंचांसमोर विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढा भाग चालतो. म्हणून लगेच भोक म्हणू नका, पुढच्या सीनमध्ये पंच दोघं आहेत का ते आधी बघा.

मुंबईचं म्हणाल तर इथला प्रेक्षक कुणाला ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. कुलाब्याच्या पाठलागात रिक्षा दिसली की खेळ संपला, रिक्षा वांद्रे आणि सायनच्या खाली येतच नाहीत. रुळांवर प्रेत सापडलं तर तपास लोहमार्ग पोलिसांचा, मालिकेतले साहेब मात्र बिनधास्त रुळात उतरतात. २०१९ च्या फ्लॅशबॅकमध्ये दादरला ‘प्लॅटफॉर्म ११’ची पाटी दिसली तर पकडा. मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले डिसेंबर २०२३ मध्ये, त्याआधी दादरला दोन-दोन ‘एक नंबर’ होते. (एखाद्या लेखकाने या दोन एक नंबरांवर चुकामूक रचली तर मी टाळ्या वाजवेन.) आजच्या कथेत पद्मिनी टॅक्सी हात दाखवून थांबवत असतील तर तीही गेली, शेवटच्या गाड्यांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आणि संध्याकाळी सातला चर्चगेटहून बोरिवलीला जीप वीस मिनिटांत? फास्ट लोकलला पाऊण ते एक तास लागतो.

मागे उभ्या गाड्यांवर एमएच ०४ दिसलं म्हणून मात्र उड्या मारू नका. सेट मीरा रोड-ठाण्याकडे असतात म्हणून ते दिसतं हे खरं, पण ठाण्याची गाडी अंधेरीत उभी राहू शकतेच.

खांद्यावरचे तारे बघताना फीतही बघा. सहायक निरीक्षक आणि निरीक्षक दोघांनाही तीन तारे, फरक फितीत: निरीक्षकाची लाल-निळी, सहायकाची नुसती लाल. एसीपीलाही तीनच, पण फीत नाही. ड्रेसवाल्याकडून गठ्ठा येतो आणि जी खांदापट्टी हाताला लागेल ती चढते. दोन तारेवाल्याला, म्हणजे उपनिरीक्षकाला, रस्त्यावरचा माणूस ‘इन्स्पेक्टरसाहेब’ म्हणतो ती चूक नाही, लोक म्हणतातच. डीसीपी म्हणाले तर आहे.

बंदुकीचं एकच सांगते. रिव्हॉल्व्हर झाडल्यावर पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही, चक्रातच राहते. जमिनीवर पुंगळ्या सापडल्या आणि हत्यार रिव्हॉल्व्हर निघालं, तर एक तर लेखक झोपलाय किंवा खुन्याने थांबून चक्र रिकामं केलंय. दुसरं असेल तर तसं संवादात यायला हवं. प्रेताचंही तसंच: उन्हाळ्यातली मुंबई, मृत्यूला आठ-दहा तास झालेत असं डॉक्टर म्हणतात, आणि स्ट्रेचरवर हात लुळा लोंबतोय. त्या वेळी तो ताठ हवा. इथे बिचाऱ्या ज्युनिअर कलाकाराला कुणी सांगितलेलंच नसतं, हे मात्र आमच्या खात्याचं पाप, कबूल.

एक राहिलं. सीसीटीव्हीच्या कोपऱ्यातली वेळ कथेतल्या वेळेशी जुळत नाही, हा चाहत्यांचा आवडता झेल. बऱ्याच डीव्हीआरचं (सीसीटीव्हीचं फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मुळातच पुढे-मागे असतं. चांगला तपास अधिकारी पंचनाम्यात दोन्ही वेळा लिहून घेतो, डीव्हीआरची अमुक, प्रत्यक्षातली अमुक, फरक इतक्या मिनिटांचा. मालिकेत कुणी तो फरक मोजताना दिसला तर लेखकाने घरचा अभ्यास केलाय. कुणीच मोजला नाही आणि त्याच वेळेवर आरोपी सुटला किंवा अडकला, तर ते अस्सल भोक, खुशाल चव्हाट्यावर मांडा. मांडताना भाग क्रमांक, मिनिट-सेकंद आणि कटच्या आधीची-नंतरची अशा दोन्ही फ्रेम टाका. एकच फ्रेम टाकून ‘झोपले होते का’ लिहिलंत, तर खाली पहिली कमेंट माझी असेल.