उजवा पाय गेल्यावर कार: जयपूर फूट चालायला ठेवा, पेडलला नको

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मळणीयंत्रात उजवा पाय गुडघ्याखालून गेला, जयपूर फूट बसला, आता काठीशिवाय वावरात फिरता. दारात जुनी गिअरची गाडी उभी आहे. भाचा म्हणतो, जयपूर फुटानेच ॲक्सिलरेटर दाबा, त्यात काय. गावातला मेकॅनिक म्हणतो, ब्रेकला लोखंडी दांडा वेल्ड करून देतो, हाताने दाबा. यातलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, दोघांचंही नका ऐकू.

माझाही उजवाच पाय गेलेला, गुडघ्याखालून. बरीच वर्षं ऑटोमॅटिक गाडी डाव्या पायाने चालवतोय. गावातून यवतमाळ, अमरावती, कधी नागपूर. तेव्हा गाडी चालवता येईल का, ही काळजी सोडा. येईल. फक्त ज्या पायाला जाणीव आहे त्यानेच चालवा. ज्याला नाही त्याच्यावर ब्रेक सोपवू नका.

जयपूर फुटाला मी नावं ठेवत नाही. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, तो अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, चिखलपाण्यात उतरता यावं म्हणून. आपल्या कामाला त्याच्यासारखा पाय नाही. पण पेडल दाबणं हे काम वेगळं आहे. टाच जमिनीवर टेकवून घोट्यातून पंजा थोडा थोडा खाली न्यायचा, असं ते आहे. रबरी पाय वजन पडलं की वाकतो, आपण म्हटलं म्हणून वाकत नाही. मग सगळी हालचाल गुडघ्यातून आणि मांडीतून करावी लागते, टाच उचलली जाते, आणि पंजा पेडलच्या मधोमध आहे की कडेवर, हे तळव्याला कळत नाही. जे काही कळतं ते सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्या कवचात बसतो तिथे, त्या पायाच्या टोकाला. बूट ब्रेकखाली अडकला तर खाली बघितल्याशिवाय समजणार नाही, आणि खाली बघायला तेव्हा वेळ नसतो. शिवाय नसलेला पाय असल्यासारखा वाटतो, हे तुम्हाला माहीतच असेल. समोर अचानक बैल आला की डोकं त्या नसलेल्या पंजाने ब्रेक दाबून मोकळं होतं. दाबल्याची भावना येते, गाडी मात्र तशीच जाते. गुडघ्याखालून पाय गेलेले काही लोक कृत्रिम पायानेच चालवतात, मला ठाऊक आहेत. रोजच्या संथ चालवण्यात त्यांचं निभावतंही. माझा आक्षेप त्या एका अचानक क्षणाला आहे.

मग उरतात दोन रस्ते, आणि दोन्हींना गाडी ऑटोमॅटिकच लागते.

पहिला म्हणजे डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर. ब्रेकच्या डावीकडे, जिथे क्लच असायचा तिथे, एक जादा पेडल बसवतात आणि दांड्याने ते मूळ ॲक्सिलरेटरला जोडतात. तोच डावा पाय ॲक्सिलरेटरही दाबतो आणि ब्रेकही. गुडघ्याखालून उजवा पाय गेलेल्याला बहुधा हेच सोयीचं पडतं, कारण दोन्ही हात स्टिअरिंगला मोकळे राहतात. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुमचा कृत्रिम पाय बसायच्या जागी मूळ ॲक्सिलरेटरसमोरच येतो आणि नकळत त्यावर टेकतो. म्हणून त्या पेडलवर झाकण म्हणजे गार्ड पाहिजेच. काही जण पाय काढून ठेवतात. तसं करायचं तर तो मागच्या सीटच्या खाली ठेवा, पुढे कधीच नाही. ब्रेक दाबल्यावर घरंगळत पेडलखाली आला तर काय होईल, सांगायला नको. आणि कुबडी मात्र हाताच्या अंतरावर असू द्या. गाडी बंद पडली तर बाहेर पडायला तीच कामी येते.

दुसरा रस्ता हातांचा. स्टिअरिंगजवळ एक दांडी, ढकलली की ब्रेक, ओढली किंवा पिळली की ॲक्सिलरेटर. ब्रेक ढकलण्यालाच का, तर धक्का बसला की अंग पुढे जातं, तेव्हा हातही पुढेच जाणार, आणि त्याने ब्रेकच लागायला हवा. उरलेल्या एका हाताने स्टिअरिंग फिरवायचं, म्हणून त्यावर गोल मूठ बसवतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो, तेव्हा दांडी कोणत्या बाजूला आणि इंडिकेटर कोणत्या बोटाने, हे बसवून घेण्याआधी सीटवर बसून बघा.

कोणता घ्यायचा हे तुमच्या डाव्या पायावर ठरतं. तुमचा पाय यंत्रात गेला, डावा धड आहे, म्हणून पहिला रस्ता. पण साखरेमुळे पाय गेलेला कोणी हे वाचत असेल तर त्याने आधी डाव्या तळव्याची जाणीव डॉक्टरकडून तपासून घ्यावी. मधुमेहाने एक पाय गेला की दुसराही बधिर होत चाललेला असतो, हे फार दिसतं. बधिर तळव्याला पेडल देणं म्हणजे जयपूर फुटाचीच गोष्ट परत. त्याने हाताचीच दांडी घ्यावी, आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी साखर बघावी. डावा पाय गेलेल्याचं काम सगळ्यात सोपं: ऑटोमॅटिक घ्या, उजव्याने चालवा, गाडीत काही बदलायची गरज बहुधा पडत नाही.

आता मेकॅनिकच्या दांड्याबद्दल. तो बिचारा मदतच करतोय, पण ब्रेकच्या पेडलवर जोराने दाबताना किती ताकद लागते, याचा अंदाज चालत्या इंजिनावर येत नाही. ब्रेकला इंजिनाच्या व्हॅक्यूमची मदत असते. इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबात ती मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. त्या वेळी वेल्डिंग तुटलं, तर तुमच्याकडे फक्त हँडब्रेक उरतो. यातूनच दुसरी गोष्ट निघते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची आपल्याकडे अनेकांना खोड असते. तुम्हाला असेल तर आजच सोडा. बाजारात तयार किट मिळतात, पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं घ्या. ती मान्यता पुढे कागदांतही लागते.

गाडी निवडताना गिअरबॉक्सचा प्रकार बघा. आपल्या बजेटमध्ये बहुधा एएमटी येते, मारुती तिला एजीएस म्हणते. मूळ गिअरबॉक्स साधाच, क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. मायलेज चांगलं, दुरुस्ती तालुक्याला होते, पण गिअर बदलताना हिसका देते. एका पायाच्या माणसाला खरी अडचण चढावर येते. ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे सरकते, आणि दुसऱ्या पायाने धरून ठेवायची सोय आपल्याला नाही. म्हणून हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, असलेलंच मॉडेल घ्या. नसेल तर चढावर हँडब्रेकवरून गाडी उचलायला शिका, आणि तो हाताने ओढायचा हँडब्रेक असू द्या. चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर हे कळायलाच पाहिजे. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार जास्त मऊ चालतात, महागही असतात. दार किती रुंद उघडतं, सीट किती उंच आहे, हे शोरूममध्ये स्वतः आत-बाहेर करून बघा. सेल्समनला जरा ताटकळू द्या.

कागदांचं. पाय गेल्यावर जुना परवाना खिशात आहे म्हणून चालवत राहणं बरोबर नाही. अपंगत्व आलेल्या चालकाकडून वैद्यकीय दाखला मागायचा आणि वेळ पडली तर परवाना रद्द करायचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ मध्ये परवाना अधिकाऱ्याला आहे. पण त्याच कायद्यात दारही उघडं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणजे दिव्यांग माणसासाठी बदललेली गाडी असा वर्ग आहे, आणि त्या गाडीवर तुम्ही चाचणी देऊन तसा परवाना घेऊ शकता. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते.

क्रम चुकू देऊ नका. आधी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ४० टक्क्यांची अट असते. गुडघ्याखालून पाय गेलेला त्याच्या बराच वर बसतो. मग कोणती गाडी, कोणतं किट हे ठरवून आरटीओत जा. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करण्याआधी त्यांची मंजुरी लागते, आणि बदलानंतर आरसीवर नोंद. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकी ‘दिव्यांगजन’ अशी लिहिता येते, ती लिहून घ्या. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलची सवलत मागायला ही नोंद उपयोगी पडते, आणि त्यासाठी सवलतीचा फास्टॅग वेगळा काढावा लागतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी गळ्याशी येतो. आणि विम्याच्या नियमांतली आयएमटी-१२ खालची सवलत मुद्दाम मागा. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात ५० टक्के सूट त्यात धरलेली आहे. एजंट आपणहून सांगत नाही. जीएसटीसाठी मात्र आता धावपळ नको. पूर्वी आपल्याला सवलतीचं सर्टिफिकेट काढून १८ टक्के लागायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सगळ्यांनाच १८ टक्के आहेत.

शिकायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण यातच माणूस घाबरतो. तुमचा डावा पाय आयुष्यभर क्लच दाबत आला आहे. त्याला एकच गोष्ट येते, सरळ तळापर्यंत जायचं. ब्रेकवर तो तसाच पडणार आणि मागे बसलेल्याचं कपाळ पुढच्या सीटला लागणार. म्हणून आधी फक्त ब्रेक. ऑटोमॅटिक गाडी ड्राइव्हला टाकली की ॲक्सिलरेटर न दाबताही हळू सरकते. तेवढ्या वेगात पाय ठेवा, मऊ थांबवा, सोडा, परत थांबवा. ब्रेक अंगवळणी पडला की मगच ॲक्सिलरेटर. जागा म्हणाल तर उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगचं आवार रिकामं असतं, सिमेंटचं असतं आणि मालक ओळखीचा निघतोच. बाजार समितीचं यार्डही सुट्टीच्या दिवशी चालतं. वावरात मात्र शिकू नका, काळ्या जमिनीच्या भेगांत पेडलची सवय लागत नाही. शेजारी हँडब्रेकपर्यंत हात पोचेल असा माणूस बसवा. डावा ॲक्सिलरेटर, उजवा ब्रेक, हा उलटा क्रम पायात मुरेपर्यंत बाजाराच्या दिवशी गावात गाडी नेऊ नका.

आणि घाई नको. ऑपरेशननंतर उरलेला पाय कित्येक महिने बारीक होत राहतो, सॉकेट सैल पडतं, बदलावं लागतं. जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, मगच. गोळ्यांचंही विचारा, फँटम पेनच्या, म्हणजे नसलेल्या पायातल्या दुखण्याच्या, काही गोळ्या झोप आणतात.

आपल्या भागाच्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. मे महिन्यात काढलेला पाय उन्हातल्या गाडीत सोडू नका. प्लास्टिकचं सॉकेट तापतं आणि कातडी आधीच नाजूक असते. घामाने पाय सॉकेटमध्ये फिरतो, तेव्हा लांब जाताना मध्ये थांबा, पुसा, कोरडा करा. पावसाळ्यात गाडी पांदणीत घालूच नका. चार माणसं लावून गाडी निघेल, पण त्या चिखलातून घरी चालत यायला तुमचा पाय तयार आहे का बघा. काळी माती बुटाला धरून ठेवते आणि पाय सॉकेटमधून निसटू बघतो. डांबरी रस्त्यालगत कोणाच्या वाड्यात गाडी ठेवायची व्यवस्था करा. पंक्चरला जॅक लावून खाली बसणं आपल्याला जड, म्हणून ट्यूबलेस टायर आणि गाडीतल्या चार्जरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप ठेवा. रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर आडवे येतात. सुरुवातीचं वर्ष दिवसाउजेडीच चालवा.

वहिनींनाही शिकायचं आहे असं तुम्ही लिहिलंय, मग डावं पेडल काढता किंवा घडी करता येईल असंच घ्या. त्यांनी बसण्याआधी ते काढायचं, मूळ पेडलवरचं झाकण उघडायचं, आणि तुम्ही बसताना परत लावायचं. जुनी गाडी विकून जेवढे येतील ते नव्या गाडीत टाका, तिच्यावर आणखी खर्च करू नका. तुमच्या मनात कोणतं मॉडेल आहे ते कळवा, त्यात पेडलसाठी जागा पुरते का ते सांगतो.