निळं निवळतं, लाल का नाही?

प्रश्न : सोलापुरात आमचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. मुलाच्या कॉलेजात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात मुलतानी माती घातली, तर पाणी काचेसारखं झालं. सूत रंगवून उरलेल्या आमच्या लाल पाण्यावर मात्र ढिम्म फरक नाही. माती खराब होती का?

उत्तर : माती चांगलीच आहे, दादा. शाळेत मी हा प्रयोग दरवर्षी करून घ्यायचे. बरणीत चमचाभर माती घालून ढवळायचं, झाकून ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला गडद निळा गाळ. त्यावर पुन्हा साधं पाणी ओतलं तरी निळा रंग सुटत नसे.

या मातीचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे. त्यांत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून थरांवर ऋण प्रभार राहतो आणि मधल्या फटींत धन प्रभाराचे सोडियम, कॅल्शियम येऊन बसतात. मेथिलीन ब्लू धन प्रभाराचा; तो सोडियमला उठवतो आणि त्याची जागा घेतो. सुती धाग्यासाठी तुम्ही वापरत असाल ते रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे. त्यांच्या रेणूंना सल्फोनेटच्या (गंधक आणि ऑक्सिजनच्या गटाच्या) शेपट्या असतात, त्याही ऋण. मातीही ऋण, रंगही ऋण. मग चिकटणार कसा?

रंगवताना घातलेल्या सोड्यामुळे तुमच्या पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे मध्यम) 11 च्या आसपास असेल. थोडं थोडं आम्ल घालून तो 6-7 वर आणा, मग तुरटी घाला. तिचे पांढरे पुंजके रंगाला धरतात. वरून माती घातली की जड होऊन लवकर खाली बसतात. काही लाल रंग यालाही दाद देत नाहीत. म्हणून आधी लिटर-लिटरच्या चार बरण्यांत तुरटीचं प्रमाण बदलून बघा, एकदम सगळ्या टाकीवर प्रयोग करू नका. सेटाइल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड हे धन प्रभाराचं रसायन लावलेली माती ऋण रंग चांगला ओढते, पण ती महाग पडते.

आणि कळकळीनं सांगते, पाणी नितळ दिसलं म्हणून शेतात सोडू नका. रंगवताना लिटरमागे 40-80 ग्रॅम मीठ पडतं. माती ते काढत नाही, आणि मिठानं जमीन मरते.

गाळातही रंग तसाच असतो. तो सुकवून पोत्यांत भरा, छपराखाली ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमाप्रमाणे अधिकृत केंद्राकडे द्या. असं केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे. तोवर पोत्यांना पावसाचं पाणी लागू देऊ नका.