मतदारसंघ: यातला ‘संघ’ कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहराच्या उपनगरात माउंट अल्बर्ट नावाचं एक ‘इलेक्टोरेट’ आहे. त्याच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना प्रश्नकर्त्यानं ‘मतदारसंघ’ लिहिलं. सहकाऱ्यानं ते खोडलं. संघ म्हणजे माणसं, जागेला संघ कसं म्हणता? हिंदीसारखं ‘निर्वाचन क्षेत्र’ लिहा, असं त्याचं म्हणणं.

मतदारसंघच बरोबर. तरी सहकाऱ्याची शंका उडवून लावण्यासारखी नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

शब्द फोडून बघा. ‘मत’ संस्कृत, ‘दार’ हा दुकानदार-जमीनदारातला फारसी प्रत्यय, आणि ‘संघ’ पुन्हा संस्कृत. हिंदीतला मतदाता मत देतो; आपला मतदार मत बाळगून असतो. मतदानाच्या दिवशी दुपारभर घोरत पडलेलाही मतदारच. मतदाता व्हायला त्याला केंद्रावर जावं लागेल!

आता संघ. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिमांना ‘विभक्त मतदारसंघ’ दिले. १९३२ च्या पुणे कराराआधीचा वादही विभक्त मतदारसंघांचाच. तिथे एकाच गावात, एकाच गल्लीत दोन मतदारसंघ असू शकत. म्हणजे भेद जमिनीचा नव्हता, मतदारांच्या गटांचा होता आणि ‘संघ’ तिथे चपखल बसत होता.

फार जुनं वाटत असेल तर विधान परिषदेकडे बघा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर मतदारसंघ आहे, एक शिक्षक मतदारसंघ आहे. जमीन तीच, माणसं वेगळी. बहिणीनं पदवी घेऊन तीन वर्षं झाली, अठरा नंबरचा फॉर्म भरला, की ती त्या संघात. बारावीवर थांबलेला भाऊ त्याच घरात राहून संघाबाहेर. ‘क्षेत्र’ म्हणून हे सांगून बघा, जमणार नाही.

आणखी खाली उतरलं तर जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण. गट, गण, संघ, तिन्ही शब्द मुळात समूहाचे आणि तिन्ही आपण बिनधास्त नकाशावर पसरून टाकले आहेत. ‘आमच्या गणात पाऊस झाला नाही’ हे वाक्य कुणालाच खटकत नाही. सहकाऱ्याला विचारा, गणाचं काय करायचं?

गंमत सुरू होते ती सीमा हलल्यावर. कागदोपत्री याला परिसीमन म्हणतात, बोलताना ‘पुनर्रचना’. २००१ च्या जनगणनेवर बेतलेली पुनर्रचना २००८ मध्ये झाली आणि आमच्या शहरावर विधानसभेच्या तीन जागा आल्या: औरंगाबाद मध्य (१०७), पश्चिम (१०८) आणि पूर्व (१०९). त्याआधी पूर्व आणि पश्चिम अशा दोनच होत्या. पण जुन्या ‘पूर्व’मध्ये फुलंब्रीकडची खेडी होती, नवा ‘पूर्व’ शहरातला. २००४ मध्ये पूर्वमधून निवडून आलेले कल्याण काळे २००९ मध्ये फुलंब्रीचे आमदार झाले, आणि २००४ ला पश्चिममधून आलेले राजेंद्र दर्डा २००९ ला पूर्वचे. माझे एक मामा त्या फुलंब्रीच्या बाजूचे. तेव्हा म्हणाले, “मी जागचा हाललो नाही, मतदारसंघच उठून गेला. कामून, ते नाही सांगितलं कुणी.” वर फुलंब्री लोकसभेला जालन्यात. संघ तोच राहिला असं म्हणावं तर नाव गेलं, नाव राहिलं म्हणावं तर माणसं गेली.

या नावांचं व्याकरणही बघण्यासारखं आहे. दिशा असेल तर आपण ‘पूर्वेला’, ‘पश्चिमेकडे’ म्हणतो. मतदारसंघ असेल तर ‘पूर्वमध्ये चुरस’, ‘पश्चिमचे आमदार’. विशेषनाव झालं की दिशेचं सामान्यरूप गळून पडतं. त्यात ‘पूर्वचे’ आणि ‘पूर्वीचे’ यांत एका वेलांटीचाच फरक, त्यामुळे छापताना चूक झाली तर विद्यमान आमदार क्षणात माजी. सगळ्यात हाल ‘मध्य’चे: ‘मध्यमध्ये’ म्हणताना निवेदकाची जीभ अडखळते, म्हणून तो गुपचूप ‘मध्य मतदारसंघात’ म्हणून मोकळा होतो. शहरातले उर्दू बोलणारे ‘हलका’ म्हणतात. तिथे हलका म्हणजे वर्तुळ, घेरा. म्हणजे त्यांचा शब्द जमिनीच्या बाजूचा.

नावाचा हट्ट तर वेगळाच. २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झालं, पण २०२४ ची लोकसभा निवडणूक ‘औरंगाबाद’ मतदारसंघातच झाली, कारण मतदारसंघाचं नाव पुनर्रचनेच्या आदेशातून येतं. धाराशिवकरांनी तसंच ‘उस्मानाबाद’मध्ये मत दिलं.

आता तुमचं माउंट अल्बर्ट. १९४६ पासूनचा हा मतदारसंघ. १९८१ ते २००९ हेलन क्लार्क आणि २०१७ ते २०२३ जेसिंडा आर्डर्न, दोन पंतप्रधान तिथल्या. सीमा तिकडेही जनगणनेनंतर हलवतात. म्हणजे ‘१९४६ चा मतदारसंघ’ आणि ‘आजचा मतदारसंघ’ एकच जमीन धरू नका, भाषांतरात ‘तेव्हाच्या सीमेनुसार’ एवढे दोन शब्द खर्च करा. आणि मजकुरात ‘द इलेक्टोरेट डिसायडेड’ अशा धर्तीचं काही आलं तर तिथे मात्र मतदारसंघ नको, ‘मतदारांनी ठरवलं’. इंग्रजीचा एक शब्द दोन्ही कामं करतो, आपण वाटून घेतली आहेत.

‘उपनगरीय मतदारसंघ’ही मी लिहिणार नाही. मुंबईकराच्या कानाला उपनगर सवयीचं आहे. इकडे सिडकोला, मुकुंदवाडीला कुणी उपनगर म्हणत नाही. शहरालगतच्या सातारा गावाकडची वस्ती वाढली तरी ती ‘सातारा परिसर’च राहिली. ‘ऑकलंड शहरातला माउंट अल्बर्ट मतदारसंघ’ पुरेसं आहे.

एक राहिलं: तुम्ही ‘मतदार संघ’ असं तोडून लिहिलं आहे. जोडून लिहा. तोडला की तो खरेदी-विक्री संघासारखा दिसतो आणि वाचणारा अध्यक्ष-सचिवांची नावं शोधायला लागतो.