विचार मराठीत, प्रोजेक्ट इंग्रजीत, मधे चॅटबॉट

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी शिरपूरकडची, धुळ्याला एम.ए. इंग्लिश करतेय. घरी अहिराणी, शाळा पूर्ण मराठी मिडीयम. आता बहिणाबाईंच्या कवितेतल्या बाईवर इंग्लिशमधे 20 पानांचा प्रोजेक्ट द्यायचाय आणि माझं इंग्लिश कच्चं आहे. मैत्रिणी चॅटबॉटकडून अख्खा प्रोजेक्ट लिहून घेताय, एका रात्रीत. मी घेतला तर ती चोरी होईल का? सर म्हणतात सॉफ्टवेअरमधे पकडलं जाईल, म्हणून भीती पण वाटते.

उत्तर : बेटा, पहिले भीतीचं बोलू. दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि कॉलेजात सगळे त्यांची मिसळ करतात. एक कॉपी तपासणारं सॉफ्टवेअर, त्यासाठी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा नियम आहे, 10 टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर शिक्षा नाही, पुढे टक्के वाढतील तशी कारवाई. दुसरं, हे मशीननं लिहिलंय का ते ओळखणारं, आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच आपलं असं टूल जुलै 2023 मधे बंद केलं कारण ते नीट ओळखत नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्लिश मातृभाषा नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा टूल्सनी मशीनचे ठरवले, कारण साधे शब्द, साधी वाक्यं. म्हणजे इंग्लिश नंतर शिकलेली तुझ्यासारखी मुलगी प्रामाणिकपणे लिहूनही अडकू शकते. म्हणून कच्चे ड्राफ्ट फेकू नकोस, वहीतली खाडाखोड पण ठेव, तारीख टाकून. कोणी विचारलं तर वही समोर ठेवायची.

आता चोरीचं. अख्खा प्रोजेक्ट लिहून घेऊन खाली आपलं नाव टाकणं ही फसवणूकच आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. पण चॅटबॉटला हातच लावू नको असंही मी म्हणणार नाही, कारण शहरातल्या पोरीला घरात इंग्लिश तपासून देणारं कोणीतरी असतं, तुला नाही, आणि ही सोय पहिल्यांदा तुझ्या मोबाईलमधे आलीय. फक्त तुझ्या गाईडला आधी विचार, किती चालेल ते, आणि कुठे मदत घेतली ते प्रोजेक्टमधे एका ओळीत लिही.

मी मुलींना असं करायला सांगते. पहिला ड्राफ्ट स्वतः, कसाही, अडलं तिथे मराठी शब्द टाकून. मग एकेक पान चॅटबॉटला दे आणि मराठीतच लिही : ‘माझी वाक्यं दुरुस्त करू नकोस, चूक कुठल्या ओळीत आहे आणि का आहे तेवढं मराठीत समजव, दुरुस्ती मी करेन.’ आपल्याकडे ‘कशाविषयी चर्चा करणे’ म्हणतात म्हणून आपली मुलं हमखास ‘डिस्कस अबाउट’ लिहितात, आणि मराठीत ‘द’सारखं काही नसतंच म्हणून तो विसरतात. कारण कळलं की पाचव्या पानापासून ती चूक आपोआप कमी होते. दुरुस्त केलेलं आयतं मिळालं तर विसाव्या पानावर पण तीच चूक.

आणि पॉलिश करून घेताना जपून. माझ्या एका विद्यार्थिनीनं सासुरवाशीण नीट दोन ओळीत समजावून लिहिली होती, चॅटबॉटनं भाषा सुंदर करताना तिची ‘ब्राइड’ केली. अगं, नवरी लग्नाच्या दिवसाची असते, सासुरवाशीण कित्येक वर्षं असते, आणि त्या मुलीचा सगळा मुद्दाच त्या वर्षांवर उभा होता! तिनं मूळ शब्द परत टाकला आणि खाली टीप दिली, तसंच तू कर.

संदर्भ तर त्याच्याकडून अजिबात नको. तो पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजावर लिहितो, त्यामुळे लेखक खरा, मासिक खरं आणि लेखच अस्तित्वात नाही असं होतं. शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर जा, देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, आणि जे उघडून वाचलं तेवढंच यादीत टाक.

प्रश्न : मी चाळीसगावकडे मराठी शिकवतो. अहिराणीवर लेखन दिलं तर मुलं चॅटबॉटचं उतरवून आणताय. काय करावं?

उत्तर : सर, मी पण त्याला अहिराणीत परिच्छेद मागून बघितला. ‘शे’ आणि ‘माले’ पेरलेलं मराठीच मिळालं, कुठे कुठे वऱ्हाडी. नेटवर अहिराणी लिहिलेली फार कमी, तर तो शिकणार कुठून? तुम्ही विषय बदलून बघा. आजीला पेरणीबद्दल नाहीतर लग्नातल्या गाण्यांबद्दल 10 मिनिटं बोलतं करायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, जसं बोलली तसं हातानं उतरवायचं, आणि मग त्यातल्या पाच शब्दांवर मराठीत लिहायचं. रेकॉर्डिंग तुम्ही ऐकून घ्या, मार्क त्यालाही ठेवा.