बूस्ट आला की गाडी धाप टाकते

प्रश्न : नमस्कार दादा. मी मूळचा साताऱ्याचा, आता कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. माझ्याकडे 1972 ची डॅटसन 240झेड आहे, तिच्यात गेल्या वर्षी 280झेडएक्स टर्बोचं एल28ईटी इंजिन टाकलं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगही त्याच गाडीचं. आयडलला छान, गावात छान, पण थर्डला पूर्ण दाबली की 3800 आरपीएमच्या पुढे आचके देते आणि सायलेन्सरमधून फटफट वाजते. टाकी पाव असेल तर लांब वळणावर बंद पडल्यासारखी होते ते वेगळंच. इंजेक्शनचा पंप मी पुढे बोनेटमध्येच फेंडरला बसवलाय, वायर तिथे जवळ होती म्हणून. गॅरेजवाला म्हणतो इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) लाव आणि बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, 7 वरून 10 पीएसआय कर, मोकळी होईल. करू का?

उत्तर : नका करू, आणि हे वाचून होईपर्यंत फुल थ्रॉटलसुद्धा देऊ नका. तुम्ही जे सांगताय ते इंजिनाला पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण वाटतंय, आणि टर्बो इंजिन बूस्टमध्ये लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चाललं की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) होऊन पिस्टनची कड वितळते, त्याला काही सेकंद पुरतात. अशात 10 पीएसआय करणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं. इंटरकूलरचं नंतर बघू, कंपनीने 1981 ला हेच इंजिन इंटरकूलरशिवाय सात-एक पीएसआयवर 180 हॉर्सपॉवरला विकलंय आणि तुमची गाडी तर त्या झेडएक्सपेक्षा कितीतरी हलकी आहे.

इंजिनाच्या या अदलाबदलीत सगळे इथेच फसतात. एल28ईटी आणि तुमचं जुनं एल24 एकाच घराण्यातले, माउंट तेच, त्यामुळे इंजिन एका शनिवार-रविवारात आत बसतं आणि वाटतं काम झालं. पण 240झेडची टाकी, नळ्या, वायरी सगळं दोन कार्ब्युरेटरसाठी बनवलेलं, त्यांना चार पीएसआय खूप झालं, आणि इंजेक्शनला लागतात 36. इंजिन बदललं पण पेट्रोलचा रस्ता जुनाच राहिला.

पहिली चूक पंपाची जागा. हा पंप ढकलणारा आहे, ओढणारा नाही. त्याला पुढे बसवून मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायला लावलंत तर नळीत बुडबुडे होतात, त्यात बोनेटखाली टर्बोची धग. पंप मागे टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली घ्या, आणि त्याला बॅटरीवरून रिलेमार्गे स्वतंत्र जाड वायर द्या, पन्नास वर्षांच्या फ्यूजबॉक्समधून नको, या गाड्यांचे फ्यूजबॉक्स नुसत्या पार्किंग लाइटनेसुद्धा गरम होऊन वितळलेले बघितलेत मी. इंजिन चालू असताना पंपाच्या टोकाशी मीटर लावा, 13 व्होल्टच्या वर दिसायला पाहिजे.

मग प्रेशर मोजा, अंदाज करू नका. फिल्टर आणि रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) यांच्या मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा, गेजची नळी बोनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा आणि गेज काचेवर बाहेरून टेपने पक्कं चिकटवा, म्हणजे सीटवरून दिसेल (पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये आणायची नाही, अजिबात नाही). आयडलला 28-30 दिसेल, प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की 36. आता मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी गेज वाचायला बसवून, एकदाच थर्डला दाबा. बूस्ट 7 झाला तर काटा 43 च्या आसपास चढला पाहिजे, कारण इंजेक्टरच्या दुसऱ्या टोकाला टर्बो 7 ने उलटं ढकलतोय, तेवढं भरून निघालं पाहिजे. चढायच्या ऐवजी घसरला तर लगेच पाय काढा, चोर सापडला. 36 वरच अडकला तर रेग्युलेटरची ती छोटी नळी बघा, तडकलेली किंवा चुकीच्या जागी जोडलेली असेल.

प्रेशर ठीक निघालं तर एअरफ्लो मीटर ते टर्बो या पाइपात गळती शोधा, मीटरने न मोजलेली हवा आत गेली की ईसीयू फसतो. आणि प्लगचा गॅप 0.8 मिमीच्या आत ठेवा, बूस्टमध्ये ठिणगी विझते. हे झालं की वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) लावा, फुल बूस्टला पेट्रोलच्या 11.5 ते 12 पट हवा दिसायला हवी, त्याआधी बूस्टला हात नाही.

वळणावरचं दुखणं वेगळं, तिथे पेट्रोल टाकीत एका बाजूला पळतं आणि पंप हवा गिळतो. दीड-दोन लिटरची सर्ज टँक टाका, छोटा पंप तिला भरत राहील आणि मोठा पंप तिच्यातून घेईल. हे सगळं करताना होज इंजेक्शनच्या प्रेशरच्याच घ्या, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या होज एकही ठेवू नका. 36 पीएसआयचा फवारा लाल झालेल्या टर्बोवर उडाला तर गाडी तर जाईलच, आत तुम्ही बसलेले असता हो. एवढं माझं ऐकाच.

प्रश्न : माझी 1977 ची 280झेड आहे, मी पण कॅलिफोर्नियातच. हेच इंजिन टाकलं तर स्मॉग चेकला (धुराच्या सरकारी तपासणीला) त्रास होईल का?

उत्तर : वरच्या वाचकाची गाडी 1972 ची, 1975 आणि त्याआधीच्या मॉडेलना तिथे स्मॉग चेक नाही, तुमच्या गाडीला आहे. इंजिन गाडीच्या सालाचं किंवा नंतरचं असायला हवं, आणि ज्या गाडीतून काढलं तिचं एमिशनचं सगळं सामान, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, जागेवर पाहिजे, मग रेफरीकडे (अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्राकडे) नेऊन पास करायची. म्हणून नुसतं इंजिन विकत घेऊ नका, अख्खी डोनर गाडी घ्या, एकेक व्हॅक्यूम नळी काढायच्या आधी फोटो काढा. नंतर एकेक तुकडा शोधत बसलात तर वर्ष जाईल.

प्रश्न : 240झेडमध्ये टर्बो इंजिन टाकल्यापासून टॅकोमीटर मेलाय, काटा हलतच नाही. खराब झाला का?

उत्तर : नाही, टॅको बहुतेक धडधाकट आहे. जुन्या 240झेडमध्ये इग्निशनचा करंटच टॅकोमधून फिरून कॉइलला जातो, तो करंट मोजून काटा हलतो. नव्या वायरिंगमध्ये तो फेरा राहिलाच नाही. टॅको अडॅप्टर लावा, नाहीतर 280झेडच्या टॅकोचं आतलं मशीन तुमच्या डायलमागे बसवून घ्या, ते कॉइलच्या मायनसवरून रेझिस्टरमार्गे सिग्नल घेतं. जुनी डायल फेकू मात्र नका.