केक खायचाही आणि ठेवायचाही

प्रश्न असा आहे: ‘यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट टू’ ही म्हण शाळेपासून ऐकतोय, पण पटत नाही. केक घेतला तर तो खायचाच ना? मग त्यात न जमण्यासारखं काय आहे? आणि तिला चपखल मराठी म्हण कोणती?

शंका रास्त आहे. इंग्रजी मातृभाषा असलेलेही या म्हणीपाशी अडखळतात. घोळ घातलाय तो ‘हॅव’ने. ‘हॅव सम टी’ म्हणजे चहा घ्या, ‘आय हॅड लंच’ म्हणजे माझं जेवण झालं. खाण्यापिण्याच्या पदार्थाला ‘हॅव’ लागलं की तो पोटात गेला असंच रोजच्या इंग्रजीत धरायचं. आपल्या ‘घेणे’चंही तसंच, ‘थोडी भाजी घे’ म्हणजे वाढून घे आणि खा, दोन्ही आलं. या म्हणीत मात्र ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं, शिल्लक असणं. केक खाल्ला की संपला. खाऊन वर तो ताटात तसाच राहायला हवा, हे होणे नाही.

दुसरी अडचण क्रमाची. आधी जवळ असणं आणि मग खाणं, ही तर जगरहाटीच. पण तेच उलटं करून वाचा: ‘ईट युअर केक अँड हॅव इट टू’. आता लगेच उलगडा होतो. हा क्रम माझ्या मनचा नाही. जॉन हेवूडने १५४६ मध्ये इंग्रजी म्हणी गुंफून जे पुस्तक काढलं, त्यात तो असाच आहे: खाणं आधी, असणं नंतर. तरी यालाच मूळ रूप म्हणायची घाई नको. त्याच्या आठ वर्षं आधी, १४ मार्च १५३८ ला नॉरफोकच्या ड्यूकने आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला लिहिलेल्या पत्रात ‘हॅव’ आधी आहे आणि ‘ईट’ नंतर. म्हणजे दोन्ही रूपं चांगली पावणेपाचशे वर्षांची. पुढे बराच काळ ‘ईट’ आधीचं रूप जास्त चाललं, आणि विसाव्या शतकात पारडं फिरलं. (तेव्हाचा केक म्हणजे क्रीम लावलेला, मेणबत्त्या खोचलेला नव्हे. दोन्ही बाजूंनी उलटून भाजलेली लहानशी चपटी रोटी म्हणा.)

या क्रमापायी एक माणूस अडचणीत आला, तो किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत १९७८ पासून सतरा वर्षं कुणीतरी टपालाने आणि इतर मार्गांनी बॉम्ब पाठवत होतं. तिघांचा जीव गेला, तेवीस जण जखमी झाले. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने प्रकरणाला ‘युनाबॉम’ असं सांकेतिक नाव दिलं होतं, त्यावरून वृत्तमाध्यमांत तो ‘युनाबॉम्बर’ झाला. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचा सुमारे पस्तीस हजार शब्दांचा जाहीरनामा ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापला. औद्योगिक समाज मोडायचा तर त्याचे तोटेही सोसावे लागतील, असं सांगताना त्यात त्याने ही म्हण वापरली होती, आणि तीही जुन्या क्रमाने, ‘ईट’ आधी घालून. वाचणाऱ्याला ती चूक वाटावी इतकं ते रूप तोवर मागे पडलं होतं. एफबीआयचे भाषातज्ज्ञ जेम्स फिट्झगेराल्ड यांच्या नजरेत ते भरलं. हा युनाबॉम्बर निघाला टेड काझिन्स्की, गणिताचा माजी प्राध्यापक. त्याच्या लिहिण्याची ढब त्याच्या सख्ख्या भावाला ओळखू आली, घरची जुनी पत्रं तपासायला आली, आणि आईला लिहिलेल्या एका पत्रात म्हण अगदी त्याच क्रमाने सापडली! पुरावे आणखीही होते, नुसत्या म्हणीवर कुणाला पकडत नाहीत. एप्रिल १९९६ मध्ये माँटानातल्या एका झोपडीवजा घरातून त्याला अटक झाली. अर्थाच्या दृष्टीने म्हणाल तर क्रम त्याचाच जास्त तर्कशुद्ध.

अलीकडे ही म्हण ब्रेक्झिटने गाजवली. युरोपीय संघातून बाहेर पडायचं पण तिथल्या बाजारपेठेचे फायदे सोडायचे नाहीत, या ब्रिटिश भूमिकेला ‘केकिझम’ असं नावच पडलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी ब्रसेल्समध्ये सुनावलं की एक साधा प्रयोग करा: केक विकत आणा, खा, आणि मग बघा तो ताटलीत उरलाय का. म्हणीचा अर्थ याहून सोपा करून कुणी शिक्षकानेही सांगितला नसेल.

आता मराठीकडे. गाइडांमध्ये आणि भाषांतरांत हिच्यापुढे ‘एका दगडात दोन पक्षी’ दिसतं, ते साफ चूक. तिथे दोन्ही पक्षी पडतात, इथे एक मिळवायला दुसरा सोडावाच लागतो. ‘साप मरावा पण काठी मोडू नये’ ही जवळची वाटते, पण तीत शहाणपणाची वाखाणणी आहे आणि इंग्रजी म्हणीत कानउघाडणी. ‘दोन्ही डगरींवर हात’ हा दोन पक्ष सांभाळणाऱ्याला लागू पडतो. ‘तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं’ ही तर सगळं संपल्यावरची रड. इंग्रज हव्यास चालू असतानाच अडवतो. फ्रेंच लोक म्हणतात, लोणीही हवं आणि लोण्याचे पैसेही. इटालियनांचं आणखी रंगेल: दारूचं पिंप भरलेलं हवं आणि बायको झिंगलेली.

तेव्हा ओढूनताणून म्हण चिकटवण्यापेक्षा सरळ मराठीत सांगावं, असं माझं मत. मी भाषांतर करताना ‘जमीन विकायची आणि सातबाऱ्यावर नावही ठेवायचं’ असं काहीतरी लिहीन. गावात कुणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

वापरताना एक पथ्य पाळा. दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येत असतील तरच ही म्हण लागते. चिपळूणला घरी बसून पुण्याच्या कंपनीचा पगार घेणाऱ्याला ती ऐकवू नका, त्याचं बिचाऱ्याचं दोन्ही नीट चाललंय. मुदत ठेव मोडून पैसे उचलल्यावर पुढचं व्याज का आलं नाही म्हणून बँकेत भांडणाऱ्याला खुशाल ऐकवा.