एमएस्सीनंतर जर्मनी: तुझ्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, नेट (प्राध्यापकी-फेलोशिपची परीक्षा) दोनदा हुकली, आता जर्मनीत पीएचडी करून शास्त्रज्ञ होता येईल का, असं विचारलंस. एपीएस (पदव्यांची पडताळणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं) हे सगळं वेबसाइटवर आहे, ते सोडते.

नेट माझीही दोनदाच हुकली. मग पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, दीड वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट होते; बफर बनव, जेल रन कर. तिथली एक सीनिअर म्हणाली, जाहिरातींची वाट कसली बघतेस, ज्यांचे पेपर वाचतेस त्यांनाच मेल टाक. 41 मेल टाकले. उत्तरं चार, होकार एक. त्या मेलमध्ये मार्कांची एक ओळ होती आणि माझ्या फसलेल्या प्रोटीन प्युरिफिकेशनच्या पाच. मुलाखतीत सरांनी त्या फसण्यावरच पाऊण तास घेतला.

इथे पीएचडी म्हणजे बहुधा नोकरीच. पगाराची ई-13 श्रेणी, करार अनेकदा पूर्ण वेळेच्या 65 टक्क्यांचा, राबायचं शंभर टक्के. बाहेरच्या निधीतली पदं सोडली, तर विद्यापीठात तात्पुरते करार साधारणपणे पीएचडीआधी 6 आणि नंतर 6 वर्षं, बस. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या) चौथ्या वर्षी मी कंपनीत गेले. आई अजून सगळ्यांना 'संशोधन करते' सांगते.

पासपोर्टवरचं नाव आधी नीट करून घे. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं. इथल्या एका कार्यालयाने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि मी झाले 'फ्राउ (श्रीमती) दत्तात्रय'. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, त्यामुळे इथे राहण्याच्या परमिटचं पत्र दोनदा परत गेलं. शेवटी पेटीवर बाबांचं नाव चिकटवलं.

एकटेपणा? येतो, जातो. स्वयंपाक शिकून ये.

लेकीच्या शाळेचं मात्र मनातून जात नाही. बायर्न (बव्हेरिया) राज्यात चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी 2.33 पर्यंत असली तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला. तिची 2.66 आली. "रेआलशूले तिला झेपेल," बाई म्हणाल्या; म्हणजे त्याखालची, मधली शाळा. पुढे गिम्नाझियमकडे वळता येतं, ठाऊक आहे मला. पण मी चौथीच्या स्कॉलरशिपला नापास झालेली. मला कुणी तेव्हाच असा कागद दिला असता तर? आणि मी काय केलं, "डांके" (धन्यवाद) म्हणून उठले. गिम्नाझियमसाठी तीन दिवसांच्या चाचणीची वाट उघडी होती. त्या चाचणीलाही लेकीला बसवलं नाही, कारण त्याच आठवड्यात माझी कॉन्फरन्स होती. नवऱ्यालाही हे कारण आजवर सांगितलेलं नाही.

असो. मेलचा मसुदा झाला की पाठव, बघते. मार्कांचा परिच्छेद काढूनच पाठव.